भुंग्याचा फोन

आमच्या ह्यांचा आवाज गेला त्याला पाच वर्षं झाली. गेला म्हणजे बसला किंवा घोगरा झाला असं नव्हे. गळ्यात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी स्वरपेटीच काढून टाकली. श्वासासाठी गळ्याच्या खालच्या बाजूला एक भोक ठेवलं. त्या दिवसापासून ह्यांना कुजबुजता येत नाही, खाकरता येत नाही, दुखलं तर कण्हतासुद्धा येत नाही.

हे घड्याळजी. एका इमारतीच्या जिन्याखाली आमचा गाळा आहे. इतका चिंचोळा, की आत दोघं बसलो तर एकानं उठल्याशिवाय दुसऱ्याला बाहेर पडता येत नाही. ऑपरेशनच्या आधी ह्यांच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू असायचा. डोळ्याला भिंग, हातात चिमटा आणि तोंडानं गिऱ्हाइकाच्या घरच्या सगळ्यांची चौकशी. घड्याळ दहा मिनिटांत व्हायचं, गिऱ्हाईक मात्र तासाभरानं सुटायचं. मी म्हणायचे, "अहो, तोंडाला जरा चावी कमी द्या." आता ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी बोलायचं यंत्र आलं. लहानशा टॉर्चएवढं, करड्या रंगाचं. ते गळ्याला दाबून धरायचं, बटण दाबायचं, की ते घूंऽऽ असं थरथरतं; मग ओठ आणि जीभ हलवली की त्या थरथरण्याचे शब्द होतात. सगळे शब्द एकाच सुरात. राग नाही, लाड नाही, प्रश्न नाही. पहिल्या आठवड्यात ह्यांनी मला "चहा टाक" म्हटलं तेव्हा मी दचकून मागे पाहिलं होतं. पण माणूस कशालाही सरावतो. महिन्याभरात मला तो आवाज ह्यांचाच वाटायला लागला. पुढे एकदा यंत्र काउंटरवरून खाली पडलं आणि त्याला एक किरकिर लागली, जुन्या पंख्यासारखी. तीही अंगवळणी पडली.

कठीण होतं ते सासूबाईंचं. ह्यांच्या ऑपरेशनच्या वेळी त्यांना ताईंकडे पाठवलं होतं. ताई म्हणजे ह्यांची मोठी बहीण. त्यांचं गाव इथून बसनं आठ तासांवर. तात्पुरतं म्हणून पाठवलं ते कायमचंच झालं, आणि ते माझ्यामुळे झालं असं मी मनात धरून होते. आमचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, एक आजारी माणूस घरात. सासूबाईंना दिसत जवळजवळ नव्हतंच. उजेड कुठून येतोय एवढं कळायचं. पण कान असे तिखट, की शेजारच्या घरात पेला ठेवला तर काचेचा की स्टीलचा ते सांगतील.

यंत्रावरचा पहिला फोन ऐकून त्यांनी रिसीव्हर टाकूनच दिला. ताईंना म्हणाल्या, "अगं, फोनमध्ये भुंगा शिरलाय!" ह्यांनी हार मानली नाही. रोज संध्याकाळी साडेसहाला दुकानातूनच फोन लावायचा आणि जे फक्त त्या दोघांनाच ठाऊक ते बोलायचं. लहानपणी तापात कुठलं गाणं म्हणायचीस, शाळेतून पळून आलो तेव्हा कुठे लपवलं होतंस. चार महिने लागले. मग एके दिवशी सासूबाई स्वतःच म्हणाल्या, "बोल रे भुंग्या, जेवलास का?" हे फोन ठेवून कितीतरी वेळ भिंगामागे डोळा लपवून बसले होते. तेव्हापासून त्या घरात आणि ह्या घरात हे भुंग्या झाले. साठीच्या जवळ आलेला माणूस, पण त्या नावानं हाक आली की चेहरा उजळायचा.

मागच्या वर्षी उन्हाळा लागताना ते यंत्र बंद पडलं. एका गिऱ्हाइकाला "उद्या या" सांगताना "उद्" वरच थांबलं. ह्यांनी बटण दाबलं, झटकलं, चार्जिंगला लावलं. काही नाही.

मी म्हटलं, "तुम्ही उघडून बघा ना. मनगटी घड्याळात केसाएवढी स्प्रिंग बसवता, ह्याचं काय एवढं?"

ह्यांनी यंत्र उलटं करून दाखवलं. मागच्या स्क्रूवर एक चंदेरी कागद चिकटवलेला होता: सील तोडल्यास वॉरंटी रद्द. वॉरंटीचे तीन महिने उरले होते. हे जुन्या वळणाचे. आपल्या दुकानात कुणी आधीच उघडलेलं घड्याळ आणलं की ह्यांच्या कपाळाला आठी पडायची. यंत्र नसताना लिहायला जवळ ठेवलेल्या पाटीवर लिहून दाखवलं, "ज्याचं काम त्यानं करावं. फोन कर त्यांना."

तर मी कंपनीच्या मदत-क्रमांकावर फोन केला. आधी पाच मिनिटं संगीत. मग भाषा निवडा, मग उपकरण निवडा, मग पुन्हा संगीत. शेवटी एक मुलगी बोलली. गोड आवाज, पाठ केलेली वाक्यं. मी सगळं सांगितलं.

"मॅडम, तुम्हाला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. उपकरण कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्या मिस्टरांच्या."

"मग त्यांना लाइनवर यायला सांगाल का? नाव आणि जन्मतारीख त्यांनी स्वतः सांगावी लागेल."

"अहो, ते बोलू शकत नाहीत. म्हणूनच तर ते यंत्र घेतलंय."

"मी समजू शकते, मॅडम. पण पडताळणी झाल्याशिवाय मला तक्रार घेता येत नाही."

"यंत्र चालू असतं तर मी फोन कशाला केला असता?"

"मी समजू शकते, मॅडम."

मी फोन ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी काय करावं? नखानं फोनवर टकटक केलं. पलीकडून ती म्हणाली, "हॅलो सर, तुमचा आवाज येत नाहीये. आवाज न आल्यामुळे मी हा कॉल बंद करते आहे." आणि बंद केला.

मला हसू आलं. खरंच आलं, इतकं की डोळ्यांतून पाणी आलं. हेसुद्धा खांदे हलवत हसले, त्यांचं ते बिनआवाजी हसू. पहिल्या दिवशी आम्ही हसू शकलो. दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशी एका साहेबानं मलाच सांगितलं, की तुम्ही ग्राहकाच्या वतीनं बोलत आहात ह्याचं ग्राहकानं सही केलेलं पत्र पाठवा. पाठवलं. उत्तर आलं की फोटो अस्पष्ट आहे. पुन्हा पाठवलं. मग चार दिवस चिडीचूप.

इकडे रोजचे साडेसहा चुकत नव्हते. फोन मीच लावायचे.

"आई, मी सूनबाई. हे इथेच शेजारी बसलेत हं."

"मग बोलत का नाही?"

"त्यांचं यंत्र बिघडलंय."

"कसलं यंत्र?"

त्याच्या आदल्या वर्षापासून सासूबाईंना विसर पडायला लागला होता. आज सांगितलेलं पुष्कळदा उद्या पुसलेलं असायचं. ऑपरेशन, गाठ, यंत्र, सगळं त्या कधीच्या विसरल्या होत्या. त्यातून राहिला होता फक्त तो आवाज, किरकिरीसकट, आणि तो आवाज म्हणजे आपला मुलगा, एवढं एकच. हे रिसीव्हर हातात घेऊन टकटक करायचे. त्या म्हणायच्या, "काही ऐकू येत नाही. नुसतं टकटक होतंय. फोन खराब झालाय, फोनवाल्यांकडे तक्रार करा." नाहीतर आवाज बारीक करून ताईंना विचारायच्या, "माझ्यावर रागावलाय का गं तो?"

बाजूच्या झेरॉक्सवाल्यानं एक उपाय सुचवला. मोबाइलमध्ये मजकूर लिहिला की तो मोबाइलच वाचून दाखवतो. ह्यांनी मोठ्या हौसेनं लिहिलं, "आई, मी भुंग्या." मोबाइलनं ते कुणा तरुण बाईच्या आवाजात खणखणीत वाचलं. सासूबाई म्हणाल्या, "बाई, तुम्ही कोण? राँग नंबर आहे," आणि फोन ठेवला. हॉस्पिटलातही मी विचारून आले; त्यांच्याकडचं जादा यंत्र दुसऱ्या कुणाला दिलेलं होतं.

एकदा कंपनीच्या फोनवर पहिल्या दिवसाचीच ती मुलगी लागली. मी आवाजावरून ओळखलं. तिचं ते "मी समजू शकते" सुरू व्हायच्या आधीच मी म्हटलं, "बाळा, तुला आई आहे का?"

 ती अगदी हळू म्हणाली, "मॅडम, हे कॉल रेकॉर्ड होतात. फोनवर काही होणार नाही. तुमच्या शहरात सर्व्हिस सेंटर आहे, यंत्र घेऊन तिथे जा. पत्ता वेबसाइटवर नाही, लिहून घ्या." तिनं पत्ता सांगितला आणि लगेच मोठ्यानं म्हणाली, "आणखी काही मदत करू शकते का?" त्या पोरीचं मी नाव विचारायला हवं होतं.

सर्व्हिस सेंटर दुसऱ्या मजल्यावर होतं. आत गेल्याबरोबर टोकन देणारं मशीन, त्यावर कागद लावलेला: मशीन बंद आहे, रांगेत उभे राहा. रांगेत सगळी माणसं आमच्यासारखीच. कुणाचं कानाचं यंत्र, कुणाचं साखर मोजायचं. एक म्हातारे गृहस्थ सगळ्यांना मोठमोठ्यानं विचारत होते, "माझा नंबर पुकारला का?" त्यांचं कानाचं यंत्र आत दुरुस्तीला होतं आणि नंबर तोंडानं पुकारत होते. लोक हसत होते, मीही हसले. ह्यांनी मात्र जाऊन त्यांच्या शेजारी बसकण मारली, आणि नंबर आल्यावर त्यांच्या कोपराला हात लावून खिडकीपर्यंत नेलं.

खिडकीतल्या माणसानं यंत्र कानाशी हलवलं, बटण दोनदा दाबलं आणि म्हणाला, "बटणाखालची स्प्रिंग गेली असणार. ह्या मॉडेलला हे नेहमीचंच आहे."

ह्यांनी पाटी पुढे केली: "मग इथेच बदला ना. दोन मिनिटांचं काम."

"सील आहे ना काका. आम्हालापण उघडायला परवानगी नाही. मुख्य ऑफिसला जाईल. दहा कामाचे दिवस."

ह्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग यंत्राकडे. ह्यांच्या दुकानात त्या मापाच्या स्प्रिंगांनी भरलेली एक सबंध डबी आहे. मी ह्यांचा हात पाहिला. यंत्र परत घ्यायला तो काउंटरवर पुढे गेला होता. पण तोवर त्या माणसानं ते पिशवीत घालून पिशवीचं तोंड चिकटवलं होतं, आणि पावती फाडत होता. हात तसाच मागे आला.

दहा दिवस कामाचे म्हणजे आपले किती, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. मोबाइलवर संदेश यायचे: आपले उपकरण मिळाले आहे. आपले उपकरण तपासणीत आहे. आपले उपकरण प्रक्रियेत आहे. मी म्हणायचे, "चला, एवढ्यात ताईंकडे जाऊन येऊ." हे लिहायचे, "यंत्र येऊ दे. नुसता जाऊन मी काय करू? समोर बसून मुका, तर तिला अजून वाईट वाटेल." आज येईल, उद्या येईल, करता करता सात आठवडे गेले. आमचं चुकलंच. जायला हवं होतं.

आठव्या आठवड्यात डबा आला. ह्यांनी चाकूनं तो इतक्या जपून उघडला जणू आत कुणाचं तरी सोन्याचं घड्याळ आहे. आत यंत्र होतं, पण ते पांढरं. नवं कोरं. सोबत चिठ्ठी: आपले जुने उपकरण दुरुस्तीयोग्य नसल्याने त्याऐवजी आपणांस सुधारित मॉडेल विनामूल्य देण्यात येत आहे.

मी खूश झाले. खोटं कशाला बोलू? म्हटलं, कंपनीनं उशीर केला पण भरपाई केली. ह्यांनी यंत्र गळ्याला लावलं आणि म्हणाले, "चल, फोन लाव."

आवाज ऐकून मी फोन लावायची थांबले. स्वच्छ, उंच, पत्र्यासारखा आवाज. किरकिर नाही, घुमणं नाही. शब्द मात्र पूर्वीपेक्षा कितीतरी स्पष्ट.

साडेसहाला फोन लागला. ताईंनी रिसीव्हर सासूबाईंच्या कानाला लावला.

"आई, मी भुंग्या बोलतोय."

 पलीकडून सासूबाई, अगदी अदबीनं: "कोण बोलतंय?"

"आई, मी. भुंग्या."

"त्याच्याकडचाच फोन येत नाही हो. किती दिवस झाले. तुम्ही फोनवाले का?"

 मी फोन घेतला, समजावलं, ताईंनी समजावलं. सासूबाई म्हणाल्या, "काहीतरीच काय. माझ्या मुलाचा आवाज मला कळत नाही?"

मग ह्यांनी पूर्वीचेच उपाय केले. तापातलं गाणं, शाळेतून पळणं. पूर्वी त्यांना ते सगळं आठवत होतं म्हणून खूण पटली होती. आता त्यातलं बरंचसं पुसलं गेलं होतं. त्या नुसतं "असं का? असं का?" म्हणत राहिल्या, परक्या माणसाशी बोलावं तसं.

नव्या यंत्राला सूर वर-खाली करायचं एक बारीक चाक होतं. आठवडाभर दुपारच्या वेळी, गिऱ्हाईक नसताना, मी गाळ्यात डोळे मिटून बसायचे आणि हे चाक फिरवत बोलायचे. "अजून खाली. नाही, आता फार खाली. थोडं वर." एकदा जवळजवळ जमलं असं वाटलं, पण ती किरकिर कुठून आणणार? ह्यांनी यंत्रावर कागद गुंडाळून पाहिला, पातळ पत्रा लावून पाहिला. मला फरक वाटायचा. सासूबाईंना वाटला नाही. "फोनवाले," त्या म्हणायच्या, "काही समजलं का माझ्या मुलाचं?"

जुनं यंत्र परत द्या म्हणून कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, बदली केलेली उपकरणं नियमानुसार नष्ट केली जातात.

पंधरा दिवसांनी ह्यांनी समजावणं सोडलं. एक दिवस सासूबाईंनी विचारलं, "तुम्ही फोनवाले ना?" आणि हे म्हणाले, "हो आजी."

आजी. स्वतःच्या आईला. मी घड्याळं पुसत होते, हातातलं फडकं मी खाली ठेवलं.

"मग माझी तक्रार लिहून घ्या," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या मुलाचा रोज फोन यायचा. साडेसहाला. आता येत नाही."

"लिहून घेतो, आजी."

"बघा हं. तुम्ही लोक लिहून घेता आणि विसरता."

"मी रोज फोन करीन. काय झालं ते सांगीन."

आणि केला. रोज. सासूबाईंना तो फोनवाला आवडायला लागला. त्या त्याला मुलाबद्दल सांगायच्या, आणि मुलगा ऐकायचा. लहानपणी तो कसा एकदा आजोबांचं घड्याळ खोलून बसला आणि मार खाल्ला. मार मात्र त्यांनीच दिला आणि मग त्याच रडत बसल्या. "त्याला वाटतं बापानं सांगितलं म्हणून मारलं. नाही हो. मलाच राग आला होता. त्याला कधी सांगितलं नाही मी." हे "हं, हं" करत ऐकायचे. यंत्रातून ते "हं" कसं विचित्र यायचं.

एक दिवस त्या म्हणाल्या, "सून माझी गुणाची आहे. मुलगा आजारी पडला तेव्हा मीच म्हटलं, मला लेकीकडे पाठवा. एकटी बाई दोन दोन आजारी माणसं कशी सांभाळणार? पण तिला आपलं वाटतं तिनंच मला घालवलं. तोंडावरून कळायचं... म्हणजे आवाजावरून. मी बोलले नाही कधी. बोलायला हवं होतं."

फोन नेहमीसारखा स्पीकरवर होता. हे मान वळवून माझ्याकडे बघत होते. मी उठले, पण ह्यांना उठवल्याशिवाय बाहेर पडायला जागा नव्हती, म्हणून भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

"तो रागावला असेल माझ्यावर," त्या पुढे म्हणाल्या.

"रागावलेला नाही, आजी."

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही फोनवाले."

थंडी पडायच्या आधी आम्ही एकदाचे ताईंकडे गेलो. सासूबाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या, अंगावर शाल, नुसत्या हाडांचा सापळा. हे जवळ जाऊन जमिनीवर बसले आणि आपला हात त्यांच्या हातात दिला. यंत्र खिशातच होतं. सासूबाईंनी बोटांनी बोटं चाचपली. घड्याळजीची बोटं वेगळीच असतात. अंगठ्याला घट्टा, नखं कापून कापून आखूड. अंगठ्यावर त्यांचं बोट आलं आणि त्या म्हणाल्या, "भुंग्या? आलास रे?"

ह्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी सांगू शकत नाही. त्या भरात ह्यांनी खिशातून यंत्र काढलं, गळ्याला लावलं आणि म्हणाले, "आई!"

सासूबाईंनी झटक्यात हात ओढून घेतला. "हा फोनवाला घरात कसा आला? ताई, अगं, बघ कोण आलंय!" घाबरून थरथरायला लागल्या. ताईंनी पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. हे भिंतीला टेकून उभे राहिले, यंत्र मुठीत आवळून.

अर्ध्या तासानं, त्या विसरल्यावर, हे पुन्हा जाऊन बसले. हात दिला. "भुंग्या?" ह्यांनी हात दाबला, दोनदा. यंत्र मी माझ्या पर्समध्ये ठेवून दिलं होतं. आम्ही तीन दिवस राहिलो आणि ते तीनही दिवस हे मुक्यानं तिथे बसून होते. सासूबाई अधूनमधून म्हणायच्या, "काहीतरी बोल ना रे." हे हात दाबायचे. "राग आहे का?" हे मान हलवायचे, पण त्यांना दिसणार कसं? मग हे त्यांचा हात आपल्या गालावर नेऊन मान हलवायचे, नाही, नाही, म्हणून. तेवढं त्यांना समजायचं असं मला वाटतं. नक्की सांगता येत नाही.

परत आल्यावर पहिल्याच संध्याकाळी फोन लावला. सासूबाईंचा आवाज आनंदात होता.

"फोनवाले, माझा मुलगा येऊन गेला."

"हो का, आजी?"

"तीन दिवस राहिला. बोलला नाही काही. एक शब्द नाही. पण आला होता."

"बरं झालं, आजी."

"तुम्ही त्याला सांगितलंत वाटतं. तुमचे उपकार."

ह्यांच्याकडून बटण सुटलं. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. मग मीच "उद्या करतील हं ते, आई" असं काहीतरी म्हटलं आणि फोन ठेवला.

त्यानंतर सासूबाई सहा आठवडे होत्या. शेवटी शेवटी बोलणं कमी झालं; ताई रिसीव्हर उशीवर ठेवायच्या आणि हे एकटेच बोलत राहायचे. आज दुकानात कुठलं घड्याळ आलं, बाहेर काय चाललंय. एकदा बोलण्याच्या नादात ह्यांच्या तोंडून "आई" निघालं. चूक लक्षात आली आणि हे थबकले. बऱ्याच वेळानं पलीकडून बारीक आवाज आला, "म्हणा हो, आई म्हणा. कुणीतरी म्हणायला हवं."

दोन दिवसांनी सकाळी ताईंचा फोन आला. उठवायला गेल्या तर सासूबाई गेलेल्या होत्या.

ताईंकडे आम्ही चार दिवस होतो. लोक भेटायला यायचे, ह्यांच्या खांद्यावर हात ठेवायचे. ह्यांनी त्या चार दिवसांत यंत्राला हात लावला नाही. परतीच्या बसमध्ये हे खिडकीशी बसले होते. सात तास झाले तरी पाटीवरसुद्धा एक अक्षर लिहिलं नाही. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "असं नका करू. शेवटपर्यंत रोज फोन तर येत होता ना त्यांना. एक दिवस चुकला नाही."

ह्यांनी खिडकीची काच सरकवून बंद केली. मग खिशातून ते पांढरं यंत्र काढलं, गळ्याला लावलं आणि त्या सपाट, स्पष्ट आवाजात म्हणाले, "माझा नव्हता."

पुढच्या सीटवरचं लहान मूल वळून बघायला लागलं, त्याच्या आईनं त्याला सरळ बसवलं. मी ह्यांच्या मांडीवर हात ठेवला. थोड्या वेळानं आमचा थांबा आला, आणि पिशव्या घेऊन आम्ही उतरलो.